जुनं जीपीएस मॉड्यूल ‘डेड’ ठरवण्याआधी या चुका टाळा

वाहनांच्या ट्रॅकरमधून, जुन्या नेव्हिगेटरमधून किंवा मोबाइल टॉवरच्या टायमिंग यंत्रणेतून निघालेली जीपीएस मॉड्यूल्स आज किरकोळ किमतीत मिळतात. सोबत डेटाशीट नसते, अँटेना नसतो, कधी तर वरचा नंबरही पुसलेला असतो. मॉड्यूल जोडलं जातं, स्क्रीनवर काहीच येत नाही किंवा भलतंच काही येतं, आणि ते ‘डेड’ म्हणून डब्यात जातं. याचं खरंच वाईट वाटतं, कारण यातली चिप मेलेली असणं विरळाच. दोष बहुधा अँटेनात, व्होल्टेजमध्ये, बॉड रेटमध्ये (डेटा पाठवण्याच्या वेगात) किंवा आलेला डेटा चुकीचा वाचण्यात असतो.

आधी अँटेना

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा एल-१ सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा जेमतेम उणे १३० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक) उरलेला असतो, म्हणजे रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजच्याही खाली. म्हणून बहुतेक अँटेना अ‍ॅक्टिव्ह असतात: सिरॅमिक पॅचच्या मागेच छोटा अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याची वीज त्याच कोअ‍ॅक्स केबलमधून वर जाते. मॉड्यूलला सप्लाय दिला की अँटेनालाही आपोआप मिळतो, हे गृहीत धरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बऱ्याच मॉड्यूल्सना अँटेनाच्या व्होल्टेजसाठी वेगळी पिन असते. ती मोकळी राहिली तर अ‍ॅम्प्लिफायर बंद, आणि बंद अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल पुढे जाऊच देत नाही.

अँटेना काढा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि सॉकेटच्या मधल्या पिनवर ग्राउंडच्या तुलनेत किती येतंय ते बघा. शून्य असेल तर ती पिन शोधा. ३ किंवा ५ व्होल्ट असतील तर अँटेनावरचं लेबल वाचा. ३ व्होल्टचा अँटेना ५ व्होल्ट देणाऱ्या जुन्या मॉड्यूलला लावू नका. मग अँटेनाच्या वाटेत मीटर घालून करंट मोजा. साधारण १० ते २० मिलिअँपिअर दिसायला हवा. काहीच नाही म्हणजे केबल तुटलेली किंवा कनेक्टर लागलेलाच नाही. एकदम जास्त म्हणजे शॉर्ट. पावसाळ्यात गच्चीवर राहिलेल्या अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी जातं, तेही पाहून घ्या.

कनेक्टरची आणखी एक गोची आहे. जीपीएसच्या अँटेनाला बहुधा एसएमए नावाचा आट्यांचा छोटा कनेक्टर असतो. वायफायच्या राउटरवर असतो तो रिव्हर्स पोलॅरिटी एसएमए, म्हणजे मधली पिन आणि भोक उलट बाजूंना. त्याचे आटे नेहमीच्या एसएमएवर व्यवस्थित बसतात, पण मध्ये पिनसमोर पिनच येते किंवा दोन्हीकडे नुसती भोकंच राहतात. हाताला घट्ट लागतं, आत काहीच जुळत नाही.

उलट, ७५ ओहमच्या टीव्ही केबलला लोक उगाच घाबरतात. ५० ओहमच्या मॉड्यूलला आरजी-६ केबल लावली तर होणारं नुकसान अगदी नगण्य. पातळ आरजी-१७४ मात्र या फ्रीक्वेन्सीला मीटरमागे एक डेसिबलहून जास्त खाते. लांब अंतरासाठी टीव्हीची केबलच बरी.

जागेचं म्हणाल तर स्लॅबखाली, पत्र्याखाली किंवा लोखंडी ग्रिलच्या आत टेस्टिंग करू नका. पॅचची सिरॅमिक बाजू आकाशाकडे हवी. यूएसबी ३ ची केबल आणि स्वस्त बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड) अँटेनाजवळ नकोत. मॉड्यूल पाठवतं त्या मजकुरातल्या जीएसव्ही ओळीत प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलचा आकडा येतो. उघड्यावर काही उपग्रहांचे आकडे ४० च्या पुढे दिसले पाहिजेत. सगळेच २५ च्या खाली असतील तर पुन्हा अँटेनाकडे वळा.

काहीच येत नाही, किंवा नुसता कचरा येतो

जुन्या बोर्डांवर दोन प्रकारचे सीरियल असतात. आरएस-२३२ चं व्होल्टेज शून्याच्या वर-खाली जातं, टीटीएलचं शून्य ते ३.३ किंवा ५ व्होल्ट. आरएस-२३२ ची तार थेट मायक्रोकंट्रोलरला लावली तर पिन जळू शकते. काहीही जोडण्याआधी मॉड्यूलच्या टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) पिनवर मीटर लावा. डेटा थांबलेला असताना उणे व्होल्टेज दिसलं तर तो आरएस-२३२. मध्ये मॅक्स३२३२ ही व्होल्टेज जुळवणारी चिप घाला.

मग बॉड रेट. एनएमईए ०१८३ (जीपीएस मॉड्यूल्सची मजकुराची ठरलेली भाषा) चा प्रमाणित वेग ४८००, पण निओ-६एम हे मॉड्यूल ९६०० वर बोलतं. ट्रिम्बल कंपनीची टीएसआयपी ही भाषा ९६०० वर ऑड पॅरिटी (सीरियल पोर्टची एक सेटिंग) मागते आणि मोटोरोला ऑनकोर स्वतःच्या बायनरी भाषेत बोलतं. म्हणून दर सेकंदाला ठरावीक ठेक्यात कचरा येत असेल तर खूश व्हा. मॉड्यूल जिवंत आहे, फक्त त्याची भाषा सापडायची आहे.

विंडोजवर माउसचा कर्सर एकाएकी उड्या मारू लागला तर व्हायरस शोधू नका. एनएमईएच्या ओळी बघून विंडोज त्या पोर्टवर सीरियल माउस आहे असं समजतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो माउस डिसेबल करा. रास्पबेरी पायवर सीरियल कन्सोल बंद केल्याशिवाय पोर्ट मोकळा होत नाही, हेही लक्षात ठेवा.

फिक्ससाठी, म्हणजे जागा सापडेपर्यंत, कुणी थांबत नाही

वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मॉड्यूलची बॅकअप बॅटरी संपलेली असते. त्याला वेळ, जागा, उपग्रहांची यादी, काहीच माहीत नसतं. एका उपग्रहाची कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या फेऱ्यात येते, पण सगळ्यांचं अल्मनॅक (सर्व उपग्रहांची ढोबळ माहिती) पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. कमी चॅनेलच्या जुन्या रिसीव्हरला पहिल्यांदा तासभर तरी उघड्यावर सोडा.

तारीख वीस वर्षं मागे

फिक्स मिळाला, वेळ बरोबर, जागा बरोबर, पण तारीख २००५ ची! हा बिघाड नाही. जीपीएसचा मूळ संदेश आठवड्याचा क्रमांक फक्त १० बिटांत पाठवतो, त्यामुळे १०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. यालाच रोलओव्हर म्हणतात. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, एप्रिल २०१९ मध्ये झालं आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. शिवाय फर्मवेअर लिहिताना धरलेल्या संदर्भ-तारखेप्रमाणे काही मॉड्यूल्स मधल्याच दिवशी मागे जातात. टॉवरच्या भंगारातून हौशी लोकांकडे आलेलं ट्रिम्बल थंडरबोल्ट हे टायमिंगचं यंत्र ३० जुलै २०१७ ला असंच मागे गेलं. त्याचा १० मेगाहर्ट्झचा आउटपुट मात्र तसाच चोख राहिला.

ओळखायचं कसं? १०२४ आठवडे म्हणजे ७१६८ दिवस, तेव्हा वार बदलत नाही. १५ ऑगस्ट २०२५ शुक्रवार होता. मागे गेलेलं मॉड्यूल त्या दिवशी ३० डिसेंबर २००५ दाखवेल, तोही शुक्रवारच. प्रोग्राममध्ये ७१६८ दिवस मिळवा, काम झालं. आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीची (मॉड्यूल देतं त्या जागतिक वेळेची) तारीख एक दिवस मागेच असते. त्याला रोलओव्हर समजू नका.

पुण्यात बसून सह्याद्रीत

एनएमईएमध्ये अक्षांश १८३१.२२४० असा येतो. पहिले दोन आकडे अंश, पुढचे मिनिटं. ३१.२२४० ला ६० ने भागा, १८ मध्ये मिळवा: १८.५२०४. रेखांशाचे पहिले तीन आकडे अंशांचे, म्हणून ०७३५१.४०४० म्हणजे ७३.८५६७. हे पुणं. नुसता दशांशचिन्ह सरकवून १८.३१२ आणि ७३.५१४ असं वाचलं तर नकाशावरची खूण चाळीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला जाते, रायगडाच्या जवळपास. मॉड्यूल बिचारं बरोबर सांगत असतं.

उंचीचंही तसंच. मुंबईच्या किनाऱ्यावर उणे साठच्या पुढे उंची दिसली तर रिसीव्हर समुद्रसपाटीऐवजी एलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासून) मोजतोय. भारतात जिऑइड, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीची पातळी, त्या आकाराच्या बराच खाली आहे, म्हणून हा फरक इथे ठळक दिसतो.

टायमिंगची मॉड्यूल्स

टॉवरमधून निघालेलं मॉड्यूल एका जागी स्थिर राहायला बनवलेलं असतं. ते आपली जागा मेमरीत ठेवतं आणि फक्त वेळ काढतं. दुसऱ्या देशातला टॉवर डोक्यात ठेवून तुमच्या गच्चीवर आलं तर ते गोंधळतं. जुनी पोझिशन पुसून सेल्फ-सर्व्हे (स्वतःची जागा नव्याने मोजणं) पुन्हा चालवा.

मॉड्यूल दर सेकंदाला देतं त्या पल्सवर घड्याळ लावणार असाल तर ते राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (इंटरनेटवरून वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी ताडून बघा. फरक किती आहे यावरून दोष कळतो. बरोबर एक सेकंद असेल तर पल्स पुढच्या ओळीऐवजी मागच्या ओळीशी जोडली गेलीय. काही दशांश सेकंद, आणि तोही बदलता असेल, तर तुम्ही पल्स सोडून सीरियलच्या ओळींवर वेळ लावताय. १८ सेकंद पुढे असेल तर मॉड्यूल यूटीसी नव्हे, जीपीएसची वेळ देतंय. आणि पाच सेकंद पुढे असेल तर त्याच्याकडे २००६ पूर्वीचा लीप सेकंदांचा (यूटीसीत अधूनमधून वाढवलेल्या सेकंदांचा) आकडा आहे, १३. नवा आकडा अल्मनॅकसोबत येतो, तेव्हा साडेबारा मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा.