ड्रम मशीनमधली गाणी संगणकात आणताना

मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक जोडायची भाषा. तिच्या तारेतून आवाज येत नाही, फक्त आकडे येतात: कोणता पॅड, किती जोरात, केव्हा. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात.

अलेसिस एसआर-१६ सारख्या मशीनला यूएसबी नाही आणि गाणं फाइल म्हणून बाहेर काढायची सोयही नाही. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं आणि संगणकावर रेकॉर्ड करायचं. मेनूतला सिस-एक्स डंप (मशीनची सगळी मेमरी मिडीतून बाहेर पाठवणं) बघून नवख्यांना वाटतं, हेच ते. पण तो डंप त्याच मॉडेलच्या मशीनला कळतो, ड्रम सॉफ्टवेअरला नाही. तरी तो आधी घेऊन ठेवाच. जुन्या मशीनमधली बॅटरी संपली की वर्षांची मेहनत एका रात्रीत पुसली जाते.

जोडणी दुहेरी करा. मशीनचं आउट इंटरफेसच्या (मशीन आणि संगणक यांच्यामधल्या मिडी जोडणीच्या डबीच्या किंवा केबलच्या) इनमध्ये, इंटरफेसचं आउट मशीनच्या इनमध्ये. स्वस्त यूएसबी केबलवरची इन-आउटची अक्षरं फसवी असतात: कुणी ती संगणकाच्या बाजूने लिहितं, कुणी मशीनच्या. पॅड दाबल्यावर इंटरफेसवरचा दिवा लुकलुकला नाही तर टोकं उलटी लावा, त्याने काही जळत नाही.

आता मशीनचं क्लॉक एक्स्टर्नल करा, म्हणजे वेग बाहेरून घ्यायला लावा, आणि रीपर किंवा क्युबेससारख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून मिडी क्लॉक (वेगाचा इशारा) पाठवा. तो एका बीटला २४ वेळा जातो, म्हणून मशीन सॉफ्टवेअरच्या बारला धरून चालतं. क्लॉक बाहेरून आला की गाण्यात भरलेले टेम्पोचे बदल मशीन पाळत नाही, ते सॉफ्टवेअरमध्ये हाताने मांडावे लागतात. गाण्याच्या सुरुवातीला एक रिकामा पॅटर्न घाला, कारण पहिल्या काही ठोक्यांत टेम्पो डगमगतो. रेकॉर्ड होणारा ट्रॅक मशीनकडे परत नोट पाठवत नाही ना, तेही बघा. पाठवत असेल तर प्रत्येक ठोका दोनदा वाजतो आणि स्नेअर पोकळ ऐकू येतो.

रेकॉर्डिंग झाल्या झाल्या क्वांटाइझ करू नका, म्हणजे नोटा जवळच्या ठरलेल्या रेघेवर आपोआप ओढू नका. नवख्यांकडून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. सगळ्या नोटा साधारण सारख्याच उशिराने आलेल्या असतात. पहिली किक बारच्या रेघेपासून किती उजवीकडे आहे ते मोजा आणि अख्खा क्लिप (रेकॉर्ड झालेला तुकडा) तेवढाच डावीकडे ओढा. क्लिपची मूळ प्रत वेगळी ठेवा. एका बीटचे ९६ टिक (भाग) करणाऱ्या मशीनवर १२० टेम्पोला एक टिक ५.२ मिलिसेकंदांची होते, त्यामुळे एवढातेवढा फरक कानाला खटकत नाही. उलट स्विंग असलेला (मधले ठोके मुद्दाम थोडे उशिरा येणारा) पॅटर्न सोळाव्या भागावर क्वांटाइझ केला तर त्याची सगळी झोकच जाते.

खरं काम नकाशाचं, म्हणजे कोणता आकडा कोणत्या ड्रमचा ते ठरवण्याचं. १९९१च्या जनरल मिडी या प्रमाणात किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडा ४६, क्रॅश ४९, राइड ५१. तुमचं मशीन हेच पाळतं असं गृहीत धरू नका. रिकाम्या ट्रॅकवर प्रत्येक पॅड डावीकडून एकेकदा दाबा आणि उमटलेले आकडे कागदावर लिहा. नोटेचं नाव नको, आकडाच लिहा, कारण ३६ ला एक सॉफ्टवेअर सी-१ म्हणतं, दुसरं सी-२.

हे प्रत्येक ड्रम किटसाठी वेगळं करावं लागतं. समजा, एका किटमध्ये ४५ वर टॉम आहे आणि दुसऱ्यात त्याच पॅडवर काँगा. गाण्यात मध्येच किट बदललं की आकडा तोच येतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काँगाच्या जागी टॉम धडधडतो. अशा जागी क्लिप कापा आणि तेवढ्या तुकड्यातल्या नोटा काँगाच्या आकड्यावर सरकवा.

जोराचा आकडा (जास्तीत जास्त १२७) शेवटी बघा. मशीनमधले पॅटर्न बऱ्याचदा १०० ते १२७ मध्येच घुटमळतात. मशीनवर ते चालून जातं, पण एकाच ड्रमचे हळू ते जोरात असे अनेक थरांचे आवाजाचे नमुने असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सतत सगळ्यात जोरकस थरच वाजतो. हायहॅटचे मधले ठोके ६०-७० पर्यंत उतरवा, घोस्ट नोटा (जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके) ३०-४० पर्यंत.

त्याच रेकॉर्डिंगच्या वेळी मशीनचा स्टिरिओ आवाजही दुसऱ्या ट्रॅकवर घेतलेला असेल तर तपासणी सोपी होते. तोही ट्रॅक तेवढाच सरकवा, मग डाव्या कानात मशीन, उजव्या कानात सॉफ्टवेअर लावून गाणं एकदा पूर्ण ऐका. बंद न झालेला हायहॅट किंवा हरवलेला टॉम लगेच सापडतो.