फोटोच्या कडेला कोण उभं आहे? इतिहासाच्या शिक्षकांसाठी एका दिवसाचं प्रशिक्षण

माझं पहिलं प्रशिक्षण सपशेल पडलं. समोर चाळीस शिक्षक, आणि मी पूर्वग्रहाची व्याख्या स्लाइडवर दाखवत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी एक गुरुजी उठून म्हणाले, "मॅडम, पटलं सगळं, पण आमच्या शाळेत असलं काही नाही." पुढच्याच वाक्यात एका वस्तीतल्या मुलांबद्दल म्हणाले, "त्यांना मुळात अभ्यासाचं वळणच नसतं." कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. मीही गप्प बसले, हे जास्त लागलं.

तेव्हापासून व्याख्या बंद. आता सकाळी प्रत्येकाच्या हातात एक फोटो देते. ४ सप्टेंबर १९५७, अमेरिकेतलं लिटल रॉक. एलिझाबेथ एकफर्ड ही १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी काळा चष्मा लावून, वही छातीशी धरून चाललीय. मागे गोऱ्यांचा जमाव. त्यात तिच्याच वयाची हेझल ब्रायन, तोंड उघडं. विल काउंट्सचा हा फोटो जगभर गेला. मी मात्र तो कुठला, कधीचा, काहीच सांगत नाही. तीन मिनिटं बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग वहीत दोन रकाने आखायचे: 'दिसतं' आणि 'वाटतं'.

इथे घाई करू नका, पाऊण तास गेला तरी जाऊ द्या. कुणीतरी 'दिसतं'च्या खाली 'राग' लिहितंच. राग दिसत नाही हो, उघडं तोंड दिसतं. वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासलेले लोक या एका दुरुस्तीवर अडतात, वाद घालतात. घालू द्या. मुलांबद्दल आपण शेरे कसे मारतो, ते त्या वादात आपोआप निघतं.

मग माहिती द्या, पण हप्त्याहप्त्याने. शाळांमधली वंशानुसार विभागणी घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. नऊ कृष्णवर्णीय मुलं त्या दिवशी गोऱ्यांच्या शाळेत एकत्र जाणार होती. एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता, म्हणून निरोप पोहोचला नाही आणि ती एकटी आली. राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, जवान लावले होते, ते मुलांना आत जाऊ न देण्यासाठी. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवलं आणि २५ सप्टेंबरला मुलं वर्गात बसली.

आता चारचारचे गट करा, त्याहून मोठे नकोत. एकच काम: त्या दिवशी कुणी कुणी काय ठरवलं, याची यादी. सुरुवातीला सगळे हेझलवर तुटून पडतात. दहा मिनिटं पडू द्या. मग बोट मागच्या चेहऱ्यांवर ठेवा, जे ओरडत नाहीयेत. आणि मग फोटोत नसलेली बाई सांगा: ग्रेस लॉर्च. बसथांब्यावर एकट्या बसलेल्या एलिझाबेथजवळ ही गोरी बाई गेली आणि तिला बसमध्ये बसवून दिलं. त्या एकेकाळी शिक्षिका होत्या. हे सांगितल्यावर खोलीत जी शांतता होते तिला हात लावू नका.

लांबचा प्रसंग आधी का? कारण त्या जमावात कुणाचे आजोबा नाहीत. जवळचा इतिहास दुपारी काढायचा. मी महाड घेते. तारखा नसलेल्या सात चिठ्ठ्या, त्या क्रमाने लावायच्या: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव (१९२३), महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं (१९२४), २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्यावर पाणी प्यायले, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा आणि परिषदेच्या लोकांवर हल्ले, ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला, २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचं दहन, आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूने निकाल.

क्रम पटकन लागतो. खरा वेळ अफवेच्या चिठ्ठीला द्या. ती कुणी ऐकली असेल? कुणाला खरं-खोटं करता आलं असतं, तेही कितीशा वेळात? नागरिकाची जबाबदारी यावर वेगळा तास घ्यायची मला कधी गरज पडली नाही.

इथे "त्या काळात तसंच होतं" हे वाक्य येणारच. भांडू नका. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांची नावं फळ्यावर लिहा. सवर्ण होते, त्याच काळातले होते, आणि सत्याग्रहाच्या बाजूने उभे होते.

नाटक मात्र करू नका. एप्रिल १९६८ मध्ये आयोवातल्या जेन एलियट या शिक्षिकेने डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन भाग केले होते. ते ऐकून अनेकांना हुरूप येतो. मीही एकदा अर्ध्यांना 'वरचे', अर्ध्यांना 'खालचे' केलं. एक शिक्षिका पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली ती जेवणापर्यंत परतली नाही. जे तिने आयुष्यभर सोसलं होतं, त्याचा मी खेळ केला होता.

शेवटच्या तासात आपला वर्ग. गेल्या आठवड्यात झाडायला, पाणी आणायला कुणाला पाठवलं? कुणाचं उत्तर अर्धवट तोडलं? प्रत्येकाने स्वतःपुरतं लिहायचं आणि कागद खिशात ठेवायचा. एकदा मी ते गोळा केले, तर सगळ्यांचे वर्ग आदर्श निघाले.

अवघड प्रश्नांचा सराव करून घ्या. मी विद्यार्थी बनते आणि विचारते, "बाई, आता कुठे राहिलंय तसलं?" लगेच अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं कलम १७ सांगू नये. आधी "तुला हे कशावरून वाटतं?" आणि उत्तर 'वाटतं'च्या रकान्यात. कुणी हिणवणारं बोललं तर वाक्य थांबवावं, पोराला गुन्हेगार करू नये. आणि ज्या समाजाचा विषय निघालाय त्यातल्या मुलाला "तू सांग तुझा अनुभव" असं कधीही, कितीही मायेनं, म्हणू नये.

महिन्याने पुन्हा भेटायचं, प्रत्येकाने एक जुना कागद शोधून आणायचा. गेल्या खेपेला एका बाईंनी शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरच्या पानाची नक्कल आणली. चौथीनंतर मुलींची नावं गळत जातात, आणि 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात एकाच हस्ताक्षरात 'घरकाम', 'घरकाम', 'घरकाम'. त्यांनी ते वर्गात मोजायला दिलं होतं. मोजून झाल्यावर एका पोरानं विचारलं, "बाई, पण हे लिहिताना मुलींना विचारलं होतं का?" आता ती पोरं गावातल्या म्हाताऱ्या बायकांची यादी करतायत.