एप्रिलातली कांदा काढणी: उन्हात माणसं कशी जपायची

निफाड तालुक्यात आमचा उन्हाळ कांदा असतो आणि काढणीच्या टोळीचं सगळं मीच बघते. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात अवकाळीचे ढग दिसले की सगळ्यांनाच घाई सुटते. माणसं आजारी पडतात ती या घाईत. म्हणून आधी व्यवहार नीट ठरवा, माठ-सावलीचं नंतर.

काम एकरावर उक्तं दिलं की जितकं लवकर संपेल तितका रोज जास्त पडतो. मग बाया भर दुपारीही वाफ्यातून उठत नाहीत. त्यात रानात आडोसा नसतो. लघवीला जावं लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मुकादमाशी बोलतानाच सांगा की अकरा ते चार काम बंद राहील आणि त्यासाठी एकरी भाव वाढवून मिळेल. हा पैसा वाया जात नाही. बाई आजारी पडली तर दवाखाना आणि बुडालेला रोज तिच्याच माथी येतो, आणि आपली काढणीही रखडते. जुन्या साड्या बांधून आडोसा पहिल्याच दिवशी करा.

उपटणी उजाडताच सुरू करून साडेदहापर्यंत आटपा. उपटलेला कांदा उघडा टाकू नका. एका ओळीचे कांदे पुढच्या ओळीच्या पातीखाली झाकले जातील असे पसरा आणि तीन दिवस तसेच राहू द्या. उन्हानं भाजलेला कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही. तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापायचं काम बसून करायचं असतं, तेव्हा ते शेडनेटखाली चारनंतर करा. पुढे सावलीत सुकवून मगच चाळीत भरा.

सुरगाणा, पेठ या डोंगराळ तालुक्यांतून आलेल्या टोळीला पहिले दिवस फार जपा. अंगाला ऊन सोसायची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि उन्हाचे जीवघेणे प्रकार बहुतेक सुरुवातीच्या दिवसांतच होतात. सुरुवातीला अर्धाच दिवस काम द्या आणि हळूहळू वाढवा. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणारं कुणी आहे का, तेही विचारून ठेवा, त्या गोळ्यांनी अंगातलं पाणी कमी होतं.

तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी फिरवायचं. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, हे बायांना बाईनंच सांगावं.

पोटऱ्यांत गोळे आले, डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सावलीत बसवा. पण बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे, लगेच रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, कष्टकऱ्यांना घाम सुरू असतानाही उष्माघात होतो. खिशात कांदा ठेवून किंवा तळव्यांना चोळून काही साधत नाही, उलट वेळ जातो. अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडीची वाट बघतानाही पाणी ओतणं थांबवायचं नाही.

दुपारी ढग गडगडले तर बांधावरच्या निंबाखाली कुणाला थांबू देऊ नका, सगळ्यांना घरात किंवा बंद गाडीत न्या. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी आणि हवामानासाठी मेघदूत ही दोन्ही ॲप मुकादमाच्या फोनवरही टाकून द्या.

108 ला फोन लावताना गट नंबर सांगून उपयोग नसतो. गाव, फाटा आणि जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा, आणि त्याच क्षणी एकाला मोटारसायकलवर फाट्याला पाठवा. तोच गाडीला शिवारापर्यंत घेऊन येईल.