परदेशात इंग्लिश शिकवत फिरायचंय? राजीनामा देण्याआधी एवढं ठरवून घ्या

इंग्लिश शिकवत शिकवत जग बघायचं, हा विचार खूप जणांच्या डोक्यात घोळत असतो आणि तो जमण्यासारखाही आहे, पण ठरवताना बहुतेक जण देशापासून सुरुवात करतात, जपान बरं की व्हिएतनाम बरं, तिकडे पगार किती, इकडे हवा कशी. माझं म्हणणं आहे की देश नंतर बघा. आधी एवढंच बघा की आठवड्यातले पाच-सहा दिवस वर्गात उभं राहायला तुम्हाला आवडणार आहे का, कारण तुम्ही तिथे शिक्षक म्हणून राहणार आहात आणि फिरणं उरलेल्या वेळात होणार आहे.

तो उरलेला वेळ किती असतो हे नीट समजून घ्या. फुल टाइम नोकरीत आठवड्याला साधारण 20 ते 25 तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. तयारी, वह्या तपासणं, मीटिंगा, पालकांशी बोलणं हे सगळं त्यावर. खासगी लँग्वेज सेंटर असेल तर मुलं शाळेतून आणि मोठी माणसं ऑफिसमधून सुटल्यावर येणार, म्हणजे तुमचं काम दुपारनंतर सुरू होऊन रात्रीपर्यंत चालणार आणि शनिवार-रविवार सगळ्यात भरलेले असणार, सुट्टी मिळेल ती सोमवार-मंगळवारी. सरकारी शाळेत दिवसाची ड्युटी असते, वीकेंड मोकळा असतो, पण मुलांना सुट्टी लागली म्हणून तुम्हालाही लागेलच असं नाही, काही ठिकाणी सुट्टीत कॅम्प घ्यायला लावतात नाहीतर रिकाम्या शाळेत नुसतं बसवून ठेवतात. दर महिन्याला नवं शहर असं चित्र मनात असेल तर या नोकरीत ते बसत नाही. एका जागी एक वर्ष राहायचं, भाषा थोडी शिकायची, आजूबाजूचा प्रदेश हळूहळू बघायचा आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की साठवलेल्या पैशावर दोन-तीन महिने मोकळं फिरायचं, ही रीत बसते आणि वर्षानुवर्षं चालूही ठेवता येते. कुणाला फक्त फिरायचंच असेल तर त्यात काहीच वाईट नाही, पैसे साठवा आणि सरळ फिरायला जा, पण समोर बसलेल्या पोरांना अर्ध्या मनाचा शिक्षक देऊ नका, त्यांच्या आई-वडिलांनी त्या तासाचे पैसे मोजलेले असतात.

मग आवडेल की नाही हे कळणार कसं? तर शिकवून. राजीनामा देण्याआधी दीड-दोन महिने, आठवड्यातून दोनदा, ज्यांना इंग्लिशची खरंच गरज आहे अशा दोन-तीन जणांना फुकट शिकवा, शक्यतो एक मोठं माणूस आणि एक लहान मूल तरी असू द्या कारण ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. आणि एक अट घाला स्वतःला, वर्गात फक्त इंग्लिश बोलायचं. परदेशात तुम्हाला विद्यार्थ्यांची भाषा येत नसणार, त्यामुळे 'आय एट' आणि 'आय हॅव ईटन' यातला फरक हातवारे, चित्रं, टाइमलाइन आणि उदाहरणं यांच्याच जोरावर समजवावा लागतो. तिसऱ्यांदा समजावून सांगूनही समोरचा गोंधळलेला असतो तेव्हा तुम्हाला चिडचिड होते की चौथी पद्धत शोधावीशी वाटते, ते बघा. चौथी पद्धत शोधावीशी वाटत असेल तर जा, बिनधास्त जा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते, कारण आपल्याकडे अनेकांना वाटतं की आपण काही गोरे नाही, आपलं इंग्लिश कोण ऐकणार. आपल्या मातृभाषेत 'अ' आणि 'द' सारखी आर्टिकल्स नाहीत, जपानी, कोरियन, चिनी भाषांतही नाहीत, त्यामुळे तिथला विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो हे आपल्याला आतून माहीत असतं. आपण व्याकरण नियम पाठ करून, चुका करून शिकलोय. जन्मापासून इंग्लिश बोलणाऱ्याला बरेचदा 'असंच म्हणतात' यापलीकडे कारण सांगता येत नाही, तिथे तुम्हाला सांगता येतं. उच्चारांवर मात्र मेहनत घ्यावी लागेल, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण दोन्ही एकाच 'व' ने उरकतो, तो फरक जिभेला लावून घ्या. खोटा अमेरिकन अॅक्सेंट अजिबात आणू नका, स्वच्छ आणि सावकाश बोला.

आता पासपोर्ट. या बाबतीत जग न्यायाने वागत नाही आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. दक्षिण कोरियात भाषा शिकवायच्या ई-2 व्हिसावर इंग्लिश टीचर म्हणून साधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना घेतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनमध्येही परवान्यासाठी सहसा इंग्लिश मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट बघतात. जपानमध्ये दार थोडं जास्त उघडं आहे, पदवी लागते आणि शिकवण्याच्या व्हिसासाठी किमान 12 वर्षं इंग्लिश माध्यमातून शिक्षण झालेलं असणं ही कामाला येणारी गोष्ट आहे, म्हणजे इंग्लिश मीडियमची शाळा आणि कॉलेज झालं असेल तर ती सर्टिफिकेटं जपून ठेवा. जपान सरकारचा जेट प्रोग्रॅम 1987 पासून चालू आहे, त्यात असिस्टंट टीचर म्हणून जपानी शिक्षकाच्या जोडीने वर्ग घ्यायचा असतो आणि करार दरवर्षी वाढवत जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, पण कुठल्या देशातून लोक घ्यायचे हे ठरलेलं असतं आणि अर्ज आपापल्या देशातल्या जपानी दूतावासाकडेच करायचा असतो, म्हणून त्यांनाच विचारा. थायलंडमध्ये फिलिपिन्सचे शिक्षक मोठ्या संख्येने शिकवतात, म्हणजे इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांना तिथे जागा आहे, तरी पदवी, नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेचं लायसन्स किंवा तात्पुरती परवानगी हे सगळं लागतंच. व्हिएतनाममध्ये पदवी, टीचिंग सर्टिफिकेट, पोलिसांचा दाखला, मेडिकल आणि मातृभाषा इंग्लिश नसेल तर इंग्लिशच्या पातळीचा पुरावा मागतात. त्यासाठी आयईएल्ट्स ही इंग्लिशची परीक्षा देणार असाल तर फार आधी देऊन ठेवू नका, तो स्कोअर साधारण दोनच वर्षं धरला जातो.

नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यात त्या त्या दूतावासाच्या साइटवर परत वाचा. आणि तुमच्याकडे बीएड आणि दोन-तीन वर्षांचा शाळेतला अनुभव असेल तर लँग्वेज सेंटरच्या मागे लागण्याआधी इंटरनॅशनल स्कूलकडे अर्ज करा, तिथे पासपोर्टपेक्षा शिक्षकाची पात्रता जास्त बघितली जाते, पगार आणि सुट्ट्याही बऱ्या असतात. मी तर म्हणेन की हे काम दहा वर्षं करायचा विचार असेल तर बीएड करून मगच निघा, दोन वर्षं उशीर झाला तरी चालेल.

टुरिस्ट व्हिसावर शिकवू नका. या एका बाबतीत माझं मत अजिबात लवचिक नाही. एजंट म्हणतात आधी या, मग करून देऊ, सगळे असंच करतात. काही देशांत तिथे गेल्यावर व्हिसा बदलता येतो हे खरं, पण ते शाळेकडून लेखी घ्या, कोण अर्ज करणार, किती दिवसांत, तोपर्यंत तुम्ही वर्ग घेणार की नाही. कारण परवाना नसताना पकडलं गेलात तर दंड, डिपोर्टेशन, पुढची काही वर्षं बंदी हे तुमच्या नशिबी येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मालकाने पगार बुडवला तर तुम्ही तक्रार करायला जाऊच शकत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. टेफल म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्लिश शिकवणं, हे कुठल्याही एका संस्थेचं नाव नाही आणि त्यावर जगभर कुणा एकाचं नियंत्रणही नाही, त्यामुळे दोन दिवसांत मिळणारी सर्टिफिकेटंसुद्धा बाजारात आहेत. नोकऱ्यांच्या जाहिरातीत साधारण 120 तासांची अट असते. केंब्रिजचा सेल्टा किंवा ट्रिनिटीचा सर्टटीसोल, हे इंग्लिश शिकवायचे नावाजलेले कोर्स आहेत, परवडत असेल तर तोच करा, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किमान सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी तुमचं बारकाईने निरीक्षण करत असतं. फुल टाइम केला तर चार-पाच आठवडे जातात आणि त्या दिवसांत दुसरं काहीही सुचत नाही. पैसे कमी असतील तर ऑनलाइन कोर्स चालेल, पण मग वर सांगितलेली फुकटची शिकवणी अजिबात टाळू नका.

कागदपत्रांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि लोक हेच शेवटी ठेवतात. पदवीचं मूळ सर्टिफिकेट लागतं, प्रोव्हिजनल चालत नाही. सगळीकडे नाव एकसारखं हवं, लग्नानंतर बदललेलं नाव, वडिलांचं नाव मध्ये आहे-नाही, आडनावाचं स्पेलिंग, यातलं काहीही वेगळं निघालं तर आधी ते दुरुस्त करा. मग अपोस्टिल, म्हणजे कागदपत्र खरं असल्याचा सरकारी शिक्का. 1961 च्या हेग करारात जे देश आहेत ते सहसा एकमेकांची अपोस्टिल केलेली कागदपत्रं मानतात, भारत त्यात 2005 पासून आहे. जो देश करारात नाही त्याच्या दूतावासातून वेगळं अटेस्टेशन करून आणावं लागतं आणि तिथे आणखी आठवडे जातात. उलट पोलिस क्लिअरन्स फार लवकर काढून ठेवलात तर अर्ज करेपर्यंत शिळा होतो, बरेच देश तीन किंवा सहा महिन्यांच्या आतलाच मागतात. म्हणून आधी पदवी, शेवटी पोलिसांचा दाखला. पासपोर्टची मुदत कॉन्ट्रॅक्टपेक्षा जास्त असू द्या.

हे सगळं कधी सुरू करायचं ते शाळेच्या वर्षावर ठरतं. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, कोरियाचं मार्चला, चीनचं सप्टेंबरला, थायलंडची सत्रं साधारण मे आणि नोव्हेंबरला. त्याच्या सहा-आठ महिने आधी कागदांना हात घाला. व्हिएतनामची सेंटरं मात्र वर्षभर माणसं घेत असतात.

पैशाचं गणित साधं आहे. पहिला पगार हातात यायला पोचल्यावर महिना-दीड महिना सहज जातो आणि त्याच काळात घराचं डिपॉझिट, व्हिसाची फी, सिम कार्ड, गादी-पांघरूण सगळं एकदम अंगावर येतं. तिथल्या खर्चाने तीन-चार महिने पुरतील एवढे पैसे आणि परतीच्या तिकिटाचे वेगळे, हे बाजूला असल्याशिवाय निघू नका, परतीचे पैसे जवळ असले की वाईट नोकरी सोडायची हिंमत राहते. घरी हप्ते चालू असतील तर ते कुठल्या पगारातून जाणार ते लिहून काढा. हेल्थ इन्शुरन्स शाळा देत असेल तर तो पहिल्या दिवसापासून आहे का प्रोबेशननंतर, हे विचारा. आणि एका देशात 183 दिवसांच्या वर राहिलात की बऱ्याच ठिकाणी तुम्ही करासाठी तिथले रहिवासी धरले जाता, तेव्हा एकदा सीएशी बोलून घ्या.

ऑनलाइन शिकवत फिरता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. येतं, पण एकाच कंपनीच्या भरवशावर राहू नका. जुलै 2021 मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं आणली आणि चिनी मुलांना परदेशातून ऑनलाइन शिकवणाऱ्या असंख्य शिक्षकांचं काम बघता बघता गेलं. स्वतःचे पाच-सहा विद्यार्थी हळूहळू जमवणं हे जास्त टिकाऊ. दुसऱ्या देशात बसून ऑनलाइन काम करताना टुरिस्ट व्हिसाचा प्रश्न इथेही आहेच, काही देशांत त्यासाठी डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे तिथे राहून ऑनलाइन काम करायचा व्हिसा, निघालेत ते बघा. युरोपात फिरणार असाल तर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, देश बदलला म्हणून मोजणी परत शून्यापासून सुरू होत नाही.

ऑफर आली की आनंदाने लगेच सही करू नका. शिकवायचे तास आणि शाळेत थांबायचे तास वेगवेगळे लिहिलेत का, जादा तासाचे पैसे किती, राहायला घर देतात की भत्ता, तिकीट कोण काढणार, मध्येच सोडलं तर काय परत द्यावं लागेल, आजारपणाची रजा किती. कोरियात एक वर्ष पूर्ण केल्यावर साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी ग्रॅच्युइटीसारखी रक्कम कायद्यानेच मिळते, त्यामुळे अकराव्या महिन्यात काढून टाकणाऱ्या मालकांच्या तक्रारी ऐकू येतात. सध्या तिथे शिकवत असलेल्या एका शिक्षकाशी बोलायला द्या असं शाळेला सांगा, आणि शाळेने टाळाटाळ केली तर ती ऑफर सोडून द्या. पासपोर्ट ऑफिसात ठेवा म्हणाले तर नाही म्हणायचं, कॉपी द्यायची.

घरच्यांना सांगताना नुसतं 'मी जातोय' किंवा 'मी जातेय' न म्हणता कॉन्ट्रॅक्ट, शाळेचा पत्ता, पैशाचा हिशोब आणि परत यायची तारीख समोर ठेवा, त्यांची अर्धी भीती न कळण्याची असते. पहिले दोन-तीन महिने एकटं वाटतं, खूप वाटतं, त्या काळात परत जायचा निर्णय घ्यायचा नाही असं आधीच ठरवून ठेवा, अर्थात पगार बुडत असेल किंवा असुरक्षित वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपायच्या तीन महिने आधी बसून पुढचं ठरवा: इथेच वाढवायचं, दुसऱ्या देशात जायचं की मध्ये फिरायचं. ठरलं की शेवटच्या दिवसाची वाट न बघता शाळेकडून अनुभवाचं पत्र, मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र, कर भरल्याचे कागद आणि व्हिसा मालकाला बांधलेला असेल तर रिलीज लेटर, म्हणजे मालकाने तुम्हाला मोकळं केल्याचं पत्र, मागून घ्या, आणि तिथल्या पोलिसांचा दाखलाही तिथे असतानाच काढा, पुढचा देश तो मागणारच आणि बाहेर पडल्यावर लांबून मिळवणं फार जिकिरीचं होतं.