टॅनिंग बेडचे दिवे मंद? आधी व्होल्टेज मोजा

अमेरिकेत सलूनसाठी सेकंडहँड टॅनिंग बेड (त्वचा सावळी करणाऱ्या अतिनील दिव्यांचा पलंग) घेतला, घरी झकास चालला आणि दुकानात दिवे मंद? लगेच नवे दिवे आणू नका. बेड बहुधा २२०-२३० व्होल्टचा असतो. घरात २४० मिळतात, पण बऱ्याच व्यापारी इमारतींत थ्री-फेजचे २०८च.

१. भर दुपारी, दुकानातले एसी सुरू असताना, लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून दोन फेजमधलं व्होल्टेज मोजून घ्या.
२. बेडवरच्या माहितीपट्टीवर लिहिलेल्या व्होल्टेजशी ताडून बघा.
३. २०८ भरले तर बेडला बक-बूस्ट ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज थोडं वाढवणारा किंवा कमी करणारा) बसवून ते वाढवून घ्या. प्रत्येक बेडची लाइन आणि ब्रेकर वेगळा.

शेजारच्याने लावलाय म्हणून मात्र लावू नका. २४० वर बूस्ट केलंत तर दिवे आणि चोक दोन्ही जळायची भीती.