आयसीयूबाहेर बसून लिहायची वही

घरातलं माणूस आयसीयूत गेलं की बाहेर बसलेल्यांच्या हातात फारसं काही राहत नाही. अशा वेळी एक वही सुरू करावी. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये नर्स आणि नातेवाईक मिळून पेशंटसाठी अशा वह्या कित्येक वर्षं लिहीत आले आहेत. सोलापुरात पंढरपूर, अक्कलकोट, अगदी विजयपूरहूनही पेशंट येतात. नातेवाईक पाळीपाळीने थांबतात आणि पाळी बदलताना निम्मी माहिती गळते. तीही वहीमुळे टिकते.

पुठ्ठा बांधणीची दोनशे पानी वही घ्या. सुटे कागद हरवतात. पेन साधं बॉलपेन. ओला हात लागला की जेलची शाई पसरते. वही बेडजवळ नेऊ नका, जंतू ने-आण होतात. ती बाहेर थांबणाऱ्याच्या पिशवीतच राहू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वही पेशंटशी बोलत लिहा. व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधांत गेलेले दिवस नंतर आठवत नाहीत. त्या रिकाम्या जागेत भास शिरतात: कुणीतरी मारायला आलं होतं, हात बांधून कोंडलं होतं. घरी आल्यावरही ते खरंच घडलं असं वाटत राहतं. म्हणून नुसतं काय झालं ते पुरत नाही, का झालं तेही लिहायचं. असं:

‘२० एप्रिल, संध्याकाळी ६. आप्पा, आज तुमचे हात मऊ पट्टीने बांधले होते. तुम्ही घशातली नळी ओढत होता. नळी निघाली तर श्वास अडकेल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर ऊन ४२ वर गेलं होतं. नातू कुर्डुवाडीहून आलाय, तुमची खाट अडवून झोपतो. — धाकटी’

तारीख, वेळ, लिहिणाऱ्याची खूण, डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे आणि घरची एखादी बारीक गोष्ट. पाच-सहा ओळी पुरतात. पहिल्या पानावर मात्र सविस्तर लिहा: त्रास कधी सुरू झाला, कुणी, कशातून आणलं. ते तपशील दोन दिवसांत विसरतात.

आजी तेलुगूत बोलत असेल तर तेलुगूत लिहू द्या, मावशीचं कानडीत. लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, दुसऱ्याने त्यांच्याच शब्दांत उतरवावं. फोटो काढायचा तर आधी स्टाफला विचारा. तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, त्या अवस्थेतला फोटो कुणी पाहावा हे पेशंटने ठरवायचं असतं.

मेडिकलची बिलं, उसने पैसे, भावाभावांतली कुरबुर या वहीत नको. ही वही उद्या पेशंटच्या हातात जाणार आहे, आणि आपल्या आजारपणाने घर फाटलं हे त्याला पानोपानी दिसेल. खर्चाला वेगळी वही करा. मनातला राग, भीती कोऱ्या कागदावर पंधरा-वीस मिनिटं लिहून काढा. वाटलं तर फाडून टाका.

वहीला औषध मात्र समजू नका. २०१० साली युरोपातल्या सहा देशांत झालेल्या अभ्यासात वही मिळालेल्या पेशंटमध्ये आघातानंतरचा मानसिक त्रास कमी दिसला. २०१९ च्या फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात ठळक फरक आढळला नाही. पेशंटची किंवा तुमची झोप महिनाभरानंतरही उडालेली असेल, तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करता येतो.

डिस्चार्जच्या दिवशीच वही देण्याची घाई करू नका. पेशंट स्वतः विचारू लागला, ‘मी तिथे किती दिवस होतो?’, की काढा. शेजारी बसा, एका बैठकीत दोन-तीन पानं वाचा. नको म्हणाला तर मिटून ठेवा. माणूस परत आलं नाही, तरी वही लगेच टाकू नका. कपाटात राहू द्या. घरातलं कुणीतरी कधीतरी ती मागतं.