२४ पानांचं मराठी कॉमिक: संहितेपासून पिन मारेपर्यंत

स्वतःच्या खर्चाने काढलेल्या मराठी कॉमिकमध्ये चित्रं बहुतेकदा चांगली असतात. पुस्तक मार खातं ते अक्षरांत आणि छपाईत. संवाद फुग्यात मावत नाहीत, वेलांट्या फुग्याच्या कडेला टेकतात, पानाच्या टोकाचा शब्द कटिंगमध्ये जातो. हे सगळं कागदावर पेन्सिल टेकवण्याआधीच टाळता येतं. म्हणून इथे आधी कागदाचा आकार, मग अक्षरं आणि त्यानंतर चित्र असा क्रम धरला आहे. उदाहरण म्हणून आतली २४ पानं कृष्णधवल आणि वेगळं रंगीत कव्हर, असं पुस्तक घेऊ. पहिल्या पुस्तकाला हाच बेत सोयीचा आणि खिशाला परवडणारा.

आकार आणि डमी

मधोमध पिन मारलेल्या पुस्तकाची पानं ४ च्या पटीत असावी लागतात. कथा २२ पानांत बसवा. पान १ शीर्षक आणि श्रेयनामावलीला, पान २४ तुमच्या पत्त्याला आणि पुढच्या पुस्तकाच्या जाहिरातीला.

डिजिटल प्रेसवर १२×१८ इंची शीट सर्रास चालते, हे लक्षात ठेवून आकार ठरवा. ए५ आकार सगळ्यांच्या तोंडी असतो, पण समोरासमोरची दोन ए५ पानं मिळून २९७ मिमी होतात आणि दोन्ही बाजूंचा ३ मिमी ब्लीड (कटिंगसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेलं चित्र) धरला की ३०३. शीट ३०५ मिमीची आणि मशीन कडेला थोडी जागा कोरी सोडतंच. मग ऑपरेटर न विचारता फाइल ९७ टक्के करतो, नाहीतर कडेला पांढरी रेघ राहते. त्याऐवजी पान ५.५×८.५ इंच घ्या. दोन पानांची जोडी दोन्ही बाजूंच्या मिळून पाव इंच ब्लीडसकट ११.२५×८.७५ इंच होते, अशा दोन जोड्या एका शीटच्या एका बाजूला आरामात बसतात. म्हणजे पाठपोट मिळून एका शीटवर ८ पानं आणि २४ पानांना ३ शीट. कव्हरं एका शीटवर दोन. १०० प्रतींना मॅपलिथोच्या (आतल्या पानांचा साधा कागद) ३०० शीट, आर्ट कार्डच्या (कव्हरचा जाड, गुळगुळीत कागद) ५० आणि वर थोडी वाया जाणारी. हा हिशेब डोक्यात असला की प्रेसचं कोटेशन वाचता येतं.

आता सहा ए४ कागद मधोमध दुमडा, एकात एक घाला आणि पानांवर १ ते २४ आकडे टाका. ही डमी काम संपेपर्यंत टेबलावरून हलवू नका. विषम पान उजवीकडे, सम पान डावीकडे येतं. वाचक पान उलटतो तेव्हा त्याला आधी सम पान दिसतं. दार उघडल्यावर आत कोण आहे हे दाखवायचं असेल, तर हात कडीवर असलेली चौकट विषम पानाच्या शेवटी आणि दाराआडचा माणूस पुढच्या सम पानावर हवा. दोन्ही समोरासमोर आले तर वाचकाची नजर आधीच उजवीकडे घसरते आणि धक्का फुकट जातो. संहिता कितीही चांगली असो, ही वाटणी डमीवर बोटाएवढ्या रेखाटनांनी करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

संवाद: बोली भाषा जागाही वाचवते

'तू काय करत आहेस' हे फुग्यात कृत्रिम वाटतं आणि जागाही खातं. 'काय करतोयस' हे खरं बोलणं. सगळे संवाद मोठ्याने वाचा; जीभ अडखळली की वाक्य तोडा. ५.५ इंची पानावर १० पॉइंटच्या अक्षरात एका फुग्यात १२ ते १५ शब्द पुरे, एका चौकटीत फार तर २५. रुंदीचा हिशेब असा: दोन्ही बाजूंचा समास सोडून साडेचार इंच उरतात. आडव्या ओळीत तीन चौकटी घेतल्या तर एकेक जेमतेम दीड इंचाची होते आणि फुग्याच्या ओळीत दोन-तीनच शब्द मावतात. 'विचारल्याशिवाय' एवढा एक शब्द आला तरी ओळ भरली. म्हणून बोलक्या पानावर ओळीत दोनच चौकटी आणि पानावर पाच किंवा सहा. तीन चौकटी मुक्या प्रसंगांसाठी राखून ठेवा.

अक्षरं

इथे घाई करू नका. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि पायाखाली अशी दोन्हीकडे जागा लागते. १० पॉइंट अक्षराला ओळींचं अंतर किमान १४ पॉइंट ठेवा, १४.५ उत्तम. रोमन लिपीच्या सवयीने १२ ठेवलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो.

हाताने लिहिणार असाल तर मूळ पान छपाईच्या दीडपट काढा (८.२५×१२.७५ इंच, म्हणजे ए३ कागद). पट्टीने फिक्या निळ्या पेन्सिलीने रेघा आखा: शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत ३.५ मिमी, एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत ८ मिमी. लिहायला ०.५ चं वॉटरप्रूफ पेन घ्या. आधी सगळा मजकूर लिहा, शिरोरेषा शब्द संपल्यावर एका दमात ओढा आणि फुग्याची बाह्यरेषा सर्वांत शेवटी. फुगा आधी काढून त्यात शब्द कोंबले की शेवटची ओळ चिरडते, आणि ते लपत नाही.

संगणकावर करणार असाल तर पहिला प्रश्न: सॉफ्टवेअर जोडाक्षरं नीट जुळवतं का? 'किर्र, दुसऱ्या, वाऱ्यावर, हृदय, त्र्यंबक, श्रद्धा, क्षितिज' ही ओळ टाइप करून पाहा. पहिली वेलांटी 'क'च्या डावीकडे आली पाहिजे, रफार योग्य अक्षरावर बसला पाहिजे आणि 'दुसऱ्या'मधला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा दिसला पाहिजे. इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू करावा लागतो. फुकटातले पर्याय म्हणजे इंकस्केप किंवा स्क्रायबसची १.६ आवृत्ती, स्क्रायबसच्या १.४ मालिकेत देवनागरी मोडते. चित्रकलेच्या ॲपमध्ये चित्र पूर्ण करा आणि अक्षरं यांपैकी एखाद्यात बसवा.

फॉन्ट युनिकोडच घ्या आणि परवाना तपासा. मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बालू २' तसंच 'कलम' हा हस्ताक्षरासारखा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे विक्रीच्या पुस्तकातही विनाशुल्क वापरता येतात. संवादाला 'बालू २' मध्यम वजनात शोभतो, 'कलम' घरगुती कथांना. जोर द्यायचा शब्द ठळक करताना सांभाळा: १० पॉइंटला फार जाड वजन घेतलं तर 'क्ष', 'ज्ञ', 'ठ' यांच्या पोकळ्या शाईने भरतात. एक पायरीच जाड करा किंवा शब्द एक-दीड पॉइंट मोठा करा. बटण दाबून अक्षरं तिरकी करू नका, काने पडल्यासारखे दिसतात. आणखी एक: काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली की फॉन्टमध्ये असलेली मराठी वळणं आपोआप दिसतात.

ओळी तोडताना अर्थ पाहा. 'जाऊ' एका ओळीत आणि 'नको' पुढच्या ओळीत गेलं की क्षणभर उलटाच अर्थ लागतो. फुग्यात लहान-मोठी-लहान अशा ओळी बसवा आणि चारी बाजूंनी एका अक्षराएवढी जागा मोकळी सोडा. आधी बोलणारं पात्र डावीकडे उभं करा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात.

आवाजाचे शब्द मात्र फॉन्टमधून घेऊ नका, हाताने काढा. सर्रकन, खाडकन, धप्प, चर्रर्र, दाणकन: मराठीत यांची चंगळ आहे आणि शिरोरेषा हे रोमन लिपीत नसलेलं हत्यार. 'सर्रकन'ची शिरोरेषा धावण्याच्या दिशेने लांबवत बारीक करत न्या. 'खाडकन'ची मधेच तोडून तुकडे वरखाली करा. 'धप्प'ची मध्ये वाकवा, म्हणजे वजन पडल्यासारखं दिसतं. पाय मोडलेलं अक्षर असेल तर तो पाय काळ्या भागावर येऊ देऊ नका, हरवतो. हे शब्द वेगळ्या लेयरवर ठेवा. उद्या कोणी कोंकणी किंवा हिंदी आवृत्ती काढायची म्हटली तर पान पुन्हा काढावं लागणार नाही.

पेन्सिल, शाई, स्कॅन

नोकरी सांभाळून आठवड्याला दोन पानं हा वेग धरा. २२ पानांना ११ आठवडे. एकेक पान पुरं करत जाण्यापेक्षा आधी सगळी पानं पेन्सिलीत करा, मग सगळी शाईत. नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या पानावरचा नायक सख्खा भाऊ वाटतो, तोच माणूस वाटत नाही. कागद गुळगुळीत आणि जाड, २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा. पातळ कार्ट्रिज कागदावर शाई तंतूंतून फुटते आणि रेषेला लव येते. दीडपट काढलेलं चित्र छापताना ६७ टक्के होतं, म्हणून ०.१ च्या पेनची रेष छपाईत तुटते, ०.२ पेक्षा बारीक पेन वापरू नका. पावसाळ्यात शाई लावलेलं पान रात्रभर सुकू द्या, मगच खोडरबर फिरवा.

स्कॅन ६०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये. ए४ स्कॅनर असेल तर पान दोन भागांत, दोन इंच सामाईक ठेवून स्कॅन करा आणि जोडा. मग लेव्हल्स लावून निळ्या रेघा घालवा आणि रेषांचा लेयर निव्वळ काळा-पांढरा करा. करडी छटा हवी असेल तर वेगळ्या लेयरवर ठेवा. ठिपक्यांची जाळी टाकणार असाल तर छपाईच्या अंतिम मापातच टाका. जाळी टाकल्यानंतर पान लहान-मोठं केलं की त्यावर लाटा उमटतात आणि त्या प्रेसमध्ये दुरुस्त होत नाहीत.

प्रेसमध्ये

साधारण ३०० ते ५०० प्रतींपर्यंत डिजिटल परवडतं, त्यापुढे ऑफसेटचं कोटेशन मागवून तुलना करा. आतल्या पानांना १०० जीएसएम मॅपलिथो. ७० घेतला तर मागच्या पानावरचा काळा भाग पुढे दिसतो. कव्हरला २५० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन आणि घडीच्या जागी क्रीझिंग (दुमडण्याआधी दाबून पाडलेली खाच). क्रीझिंग नसेल तर घडीवर शाई फुटून पांढरी चीर पडते. पावसाळ्यात एका बाजूने लॅमिनेट केलेलं कव्हर वळतं. प्रती बांधून वजनाखाली दोन दिवस ठेवायला सांगा.

पीडीएफ देताना अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे आकार बनवून, द्या. प्रेसमध्ये 'कर्व्ह करून आणा' म्हणतात ते हेच. ही पायरी राहिली तर त्यांच्या मशीनवर फॉन्ट बदलून वेलांट्या इकडेतिकडे होऊ शकतात. मात्र मूळ, टाइप केलेली फाइल जपून ठेवा, दुसऱ्या आवृत्तीत शुद्धलेखन सुधारायला तीच लागणार. फाइलमध्ये एकेक पान सुटं आणि क्रमाने द्या, पानांची जुळणी प्रेसला करू द्या. काळ्या अक्षरांत फक्त काळी शाई १०० टक्के असावी. कव्हरवरच्या मोठ्या काळ्या पट्ट्यात मात्र निळी ६०, किरमिजी ४०, पिवळी ४० मिसळा, म्हणजे काळा गडद उतरतो. स्क्रीनवरचे झगझगीत हिरवे-निळे छपाईत मंदावणारच. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) बदलून आधीच पाहून घ्या.

महत्त्वाचं काही कडेपासून १० मिमीच्या आत ठेवू नका. एकात एक घातलेल्या कागदांमुळे मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये पाऊण ते एक मिलिमीटर जास्त कापली जातात. १२-१३ या मधल्या पानांवर ते ठळक दिसतं.

सगळ्या प्रती छापण्याआधी एक पूर्ण प्रत बांधून मागा. स्क्रीनवर पाहून होकार देऊ नका. ती प्रत दुसऱ्या माणसाला वाचायला द्या आणि तो कुठे थबकतो ते पाहा. दिवाळीआधीचे दोन-अडीच महिने प्रेस दिवाळी अंकांत बुडालेली असते. दिवाळीत पुस्तक हवं असेल तर फाइल जुलैतच पोचवा.

हक्क, नोंदी, विक्री

लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर एक पानभर लेखी करार कराच. भारतीय कॉपीराइट कायद्यात हक्क देण्याचा करार लेखी लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. अर्ज फाइल प्रेसला देण्याच्या बराच आधी करा, कारण क्रमांक कव्हरवर छापायचा असतो.

दुकानदाराचं कमिशन ४० टक्के धरूनच किंमत ठरवा. प्रत ४० रुपयांना पडली असेल तर १२० ठेवा. दुकानातून ७२ हातात येतात, त्यांतून छपाई, पाठवणी आणि खराब प्रती भागतात. जत्रेत किंवा कॉमिक महोत्सवात टेबल घेतलंत तर एक प्रत दोरीने बांधून चाळायला मोकळी ठेवा, कारण प्लास्टिकमध्ये बंद कॉमिक लोक उचलत नाहीत. सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही हवेत, गर्दीत नेटवर्क जातं.

पोस्टाने पाठवताना: या मापाची एक प्रत साधारण ५२ ग्रॅम भरते. ६×९ इंची पुठ्ठ्याचे दोन तुकडे, त्यांमध्ये पातळ प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत, वर पाकीट, असं सगळं १०० ग्रॅमच्या आत बसतं. पुठ्ठा पुस्तकापेक्षा मोठाच घ्या, कोपरे आधी तो झेलतो.